दात्याचा हक्क

सांगलीच्या हळदीच्या बाजारात आता बोली पडद्यावर लागायची. पोतं ओतलं की वरचा कॅमेरा हळकुंडांचा रंग, लांबी आणि ओल मोजायचा. खरेदीदार शेजारच्या गाळ्यात बसलेला असो की तमिळनाडूत, मोबाइलवर आकडा टाकायचा आणि तो भिंतीवर झळकायचा. तरीही बाजार समितीनं एक माणूस ठेवलाच होता. भूपाल मगदूम. भिंतीवर आलेला आकडा तोंडानं पुकारायचा, एवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं. मध्ये एका हंगामात समितीनं तेही यंत्राकडून करून घेतलं, तर शेतकरी कुरकुरायला लागले. भाव तोच होता, पण भूपालअण्णांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो त्यांना खरा वाटेना.

अण्णांचा आवाज चढा नव्हता, भरीव होता. पाण्यानं भरलेली घागर हळूच टेकवावी तसा शब्द खाली टेकायचा. त्यांच्या मुलीनं, त्रिशलानं, तो आवाज एकदा वेगळ्याच कामाला लागलेला पाहिला होता. इचलकरंजीचं सासर सोडून ती माहेरी आली, त्यानंतर आठवड्याभरात सासरची चार वडीलधारी माणसं तिला न्यायला आली. गल्ली दारादारांत उभी. अण्णा पायरीवर आले आणि म्हणाले, "माझी लेक परत येणार नाही. ज्याला ऐकू आलं नसंल त्यानं पुढं यावं." पुढं कोणी आलं नाही. चहा न घेताच माणसं गेली. त्रिशलानं मग परीक्षा दिली, माधवनगरच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून लागली, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर पुढची दहा-बारा वर्षं ताठ मानेनं जगली.

पण ज्या तोंडातून तो आवाज यायचा त्याच तोंडात, डाव्या गालात, अण्णांनी तीस वर्षं तंबाखूची चिमूट धरली होती. व्हायचं ते झालं. मिरजेला शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आणि कर्करोग गेला. डॉक्टरांनी पेढे खाल्ले. बाजारात अण्णांचा हार घालून सत्कार झाला.

दोन वर्षांनी जबडा दुखायला लागला. किरणांनी कर्करोग मारला होता, पण त्याबरोबर गालातल्या आणि जबड्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्याही जाळून टाकल्या होत्या. रक्त पोचेना, तसं हाड आतल्या आत मरत चाललं होतं. आधी दाढेच्या जागी ते उघडं पडलं. मग गालाला भोक पडलं. प्यायलेलं पाणी त्या भोकातून मानेवर ओघळायचं. शब्द ओठांपर्यंत यायच्या आधीच त्याची हवा गालातून निघून जायची. पोटाला नळी बसली. घरात एक वास भरून राहिला. इंदूताई, त्रिशलाची आई, कापूर जाळायच्या, खिडक्या उघड्या टाकायच्या, पण वास काही जात नव्हता. अण्णा तोंडावर टॉवेल घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. हातात एक पाटी असायची, पण तिच्यावर ते काही लिहीत नसत.

एका दुपारी नदीकाठच्या दोघा कोळ्यांनी त्यांना घरी आणलं. अण्णा कंबरेपर्यंत भिजलेले होते. पाटीवर त्यांनी लिहिलं, 'पाय घसरला.' इंदूताईंनी ते वाचलं, त्रिशलानं वाचलं, आणि दोघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी त्रिशला रजा टाकून मिरजेला डॉक्टर निलोफर जमादारांपुढं जाऊन बसली. म्हणाली, "काहीही करा. पण आता असं नको."

---

डॉक्टर जमादार पन्नाशीच्या होत्या. घाईनं बोलायच्या नाहीत.

"चरबी म्हटलं की लोकांना नको असलेलं गाठोडं वाटतं," त्या म्हणाल्या. "पण तिच्यात रक्तवाहिन्यांना बिलगून मूलपेशी बसलेल्या असतात. कुठं जखम झाली की तिथून रसायनांची हाक निघते. मूलपेशींना ती ऐकू येते. त्या स्वतः फारसं बांधकाम करत नाहीत, पण बांधणाऱ्यांना बोलावतात. सूज शमवतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतात. अण्णांच्या जबड्याला नेमकं तेच हवंय."

"मग आधीच का नाही केलं?"

"पूर्वी या पेशी जखमेत सोडल्या की थोड्याच दिवसांत मरायच्या. किरणांनी जळालेल्या जागेला त्या पुरायच्या नाहीत. आता त्यांना वर्षानुवर्षं टिकवता येतं, आणि दुसऱ्याच्या अंगात गेल्या तरी ते अंग त्यांना हाकलत नाही. अण्णांच्या अंगावर चरबी उरलेली नाही. तुमच्या आईंना साखरेचा आजार, त्यांच्या पेशी थकलेल्या. तुमच्या चालतील."

त्रिशला लगेच हो म्हणाली. डॉक्टरांनी हात वर केला.

"आधी ऐका. या पेशी कानानं चालतात, डोळ्यांनी नाही. हाक कोणाची हे त्या बघत नाहीत. कर्करोगाची गाठही जखमेसारखीच हाक मारते. अण्णांच्या अंगात आज कर्करोग दिसत नाही. पण एखादी पेशी कुठं झोपलेली असेल, तर तिलाही तुमच्या पेशी जेवायला वाढतील."

"आणि तसं झालं तर?"

"म्हणून प्रत्येक पेशीत आम्ही एक कळ बसवतो. अण्णांच्या गळपट्टीच्या हाडाखाली तांदळाएवढी कुपी असेल. बाहेरून संकेत दिला की ती उघडते, औषध रक्तात जातं, आणि तुमच्या पेशी, फक्त तुमच्या, स्वतःला संपवतात. पेशीदानाचा नवा कायदा तुम्हाला माहीत असेल. दात्याच्या पेशी कुठंही गेल्या तरी दात्याच्याच राहतात. लोकांच्या पेशींचा बाजार होऊ नये म्हणून केला तो. त्यामुळं ती कळ दाबायचा हक्क पेशंटला आहे, तसाच तुम्हालाही. पेशंटला न विचारतासुद्धा. अण्णांना हे मान्य करून सही द्यावी लागेल."

कळ म्हणजे काय, हे त्रिशलाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एक फीडर बंद केला की किती गावं अंधारात जातात हे ती रोज बघत होती. पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांपुढं नदीत भिजलेलं धोतर होतं. बाकीचं तिनं कानाआड केलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. पाटीवर एकच शब्द लिहिला: 'बोलायचंय.'

---

ज्या पोटावरून इंदूताईंनी लेकीला आयुष्यभर टोमणे मारले, त्याच पोटातून डॉक्टरांनी चरबी काढली. प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या, मेलेलं हाड खरवडून काढलं, आणि त्या जागी जाळीदार साच्यात पेशी भरून बसवल्या.

आधी वास गेला. इंदूताईंच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. सकाळी कापूर लावायला म्हणून त्या खोलीत गेल्या आणि काडी न ओढता तशाच उभ्या राहिल्या. मग भोकाच्या कडा गुलाबी झाल्या, जवळ आल्या, आणि दिवाळीच्या सुमारास तिथं खळीसारखा खड्डा तेवढा उरला. एके दिवशी अण्णा माठापाशी गेले, तांब्याभर पाणी उभ्याउभ्या प्यायले आणि मानेवरून हात फिरवला. मान कोरडी होती. ताटावर बसल्यावर त्यांनी पहिला घास गिळला आणि म्हणाले, "इंदू, आमटीत मीठ कमी हाय."

इंदूताई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या. त्रिशला हसायला लागली आणि तिला हसू आवरेना.

हंगामाच्या पहिल्या सौद्याला ती पोत्यांच्या थप्पीमागं उभी होती. भिंतीवर आकडा आला. बाजार गप्प. अण्णांनी टोपी सारखी केली आणि पुकारलं. आवाज पूर्वीपेक्षा किंचित घोगरा होता, पण टेकला तसाच, घागरीसारखा. म्हातारे शेतकरी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. त्रिशलाच्या मनात आलं, हा आवाज निम्मा माझा आहे. दुसऱ्याच क्षणी तिला त्या विचाराची लाज वाटली.

महाशिवरात्रीनंतर दाढी करताना अण्णांच्या बोटाला जबड्याखाली एक गाठ लागली.

---

तुकडा तपासून आला तेव्हा डॉक्टर जमादारांनी त्रिशलाला एकटीलाच आत बोलावलं. पडद्यावर गाठीचं चित्र होतं, दोन रंगांत रंगवलेलं.

"निळ्या पेशी कर्करोगाच्या. त्या अण्णांच्या आहेत, पुरुषाच्या. या केशरी बघा. यांत दोन एक्स गुणसूत्रं आहेत. या बाईच्या पेशी."

केशरी रंग निळ्याला चारी बाजूंनी वेढून होता. ताटाभोवती गडू-वाट्या मांडाव्यात तसा.

"माझ्या," त्रिशला म्हणाली.

"तुमच्या. झोपलेलं काहीतरी जागं झालं, त्यानं हाक मारली, आणि या गेल्या. यात तुमचा काही—"

"कळ दाबली तर?"

"गाठीची रसद तुटेल. मग आम्ही ती काढू शकतो. वाचायची शक्यता निम्मीनिम्मी. पण तोच गाल, तोच जबडा याच पेशींवर उभा आहे. दोन-तीन आठवड्यांत तो पुन्हा उघडा पडेल. जबड्याचं हाड काढावं लागेल, आणि जिभेचाही भाग. अण्णा पुन्हा बोलणार नाहीत, तोंडानं जेवणार नाहीत. दुसऱ्यांदा या पेशी देता येणार नाहीत."

"आणि नाही दाबली तर?"

"पावसाळा लागलेला बघतील. गणपती नाही."

घरी तिनं दोघांनाही काही न लपवता सांगितलं. अण्णा शांतपणे ऐकत होते. सांगून झाल्यावर म्हणाले, "कळ दाबायची न्हाई. मला त्या भिंतीकडं तोंड करून परत बसायचं न्हाई. बोलत बोलत जातो की. काय वाईट हाय?"

"आणि मी?" इंदूताई म्हणाल्या. "मी कुणाशी बोलू मग?"

"इंदू, नळी लावून पडलो होतो तेव्हा तरी कुठं बोलत होतो तुझ्याशी?"

"बसलेला तर दिसत होतास!" इंदूताईंनी इतक्या वर्षांत नवऱ्याला कधी एकेरीत हाक मारली नव्हती. त्या लेकीकडे वळल्या. "पेशी तुझ्या हायत. हक्क तुझा हाय. कायदाच हाय तसा. दाब ती कळ."

"आई, त्यांना नको आहे."

"तुला नवऱ्याघरी परत जायचं नव्हतं तेव्हा ह्यांनी तुला विचारलं का, लोकांना विचारलं का? जे करायचं ते केलं. आता तू कर." मग आवाज खाली उतरवून त्या म्हणाल्या, "तू दिलंस ते खाऊनच वाढलंय ते, त्रिशले. तुझंच हाय ते निस्तरायला."

बोलून गेल्यावर त्यांनाच ते शब्द चावले असावेत, कारण त्या उठून आत गेल्या. पण शब्द तिथंच राहिले. उपकेंद्रात, बसमध्ये, जेवताना, त्रिशलाचा हात आपोआप पोटावरच्या बारीक व्रणाकडं जायचा. तिच्या अंगात त्या पेशी सरळ वागत होत्या. अण्णांच्या अंगातही त्या सरळच वागल्या होत्या. बोलावलं तिथं गेल्या, एवढंच.

संध्याकाळी अण्णांनी तिला परसात बोलावलं. खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या हातांवर टाकला. त्यांच्या आज्याच्या काळी व्यापारी असे रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायचे, शेजाऱ्याला भाव कळू नये म्हणून. तिच्या लहानपणी ते हा खेळ खेळायचे, पेरू किती द्यायचे ते ठरवायला.

"हंगाम संपंस्तवर," ते म्हणाले. "तेवढं पुकारू दे. मग जे करायचं ते कर, मी न्हाई म्हणणार न्हाई."

"तोवर उशीर झाला तर?"

"झाला तर झाला." त्यांनी टॉवेलाखाली तिची बोटं दाबली. "रुमालाखालचा सौदा मोडत नसतात. तुला म्हाईत हाय."

तिनं उलट बोटं दाबली. हो म्हणाली.

---

होळीनंतरच्या तपासणीत गाठ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला टेकलेली दिसली.

"अजून वेढा पडलेला नाही," डॉक्टर जमादार म्हणाल्या. "आज रसद तोडली तर काढता येईल. पुढच्या खेपेला मी हात लावू शकणार नाही."

अण्णा बाहेर बाकावर बसून एका अनोळखी पेशंटला हळद कशी शिजवायची ते सांगत होते. दरवाज्याच्या फटीतून आवाज येत होता. हंगाम संपायला अजून दोन महिने होते.

"दाबा," त्रिशला म्हणाली.

"त्यांना विचारलंत?"

"विचारायची गरज आहे?"

"कायद्याला नाही." डॉक्टरांनी चष्मा काढला. "मला आहे."

"विचारलं तर ते नाही म्हणतील. आणि ते नाही म्हणाले की मला होणार नाही. मी ओळखते ना स्वतःला. डॉक्टर, मी दिलंय ते त्यांना खातंय. माझंच आहे ते. मी बघत कशी बसू?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "यंत्र मी लावते. मंजुरी तुमच्या बोटाची लागेल. आणि एका दिवसाच्या आत त्यांना सांगावं लागतं. ते कोण सांगणार?"

"मी."

अण्णा आत येऊन खुर्चीत बसले. डॉक्टरांनी नेहमीसारखं यंत्र त्यांच्या गळपट्टीच्या हाडाला टेकवलं. अण्णा त्यांना सांगत होते, की यंदा राजापुरी हळदीला काय रंग आलाय म्हणता, बोट लावलं तर बोट सोन्याचं होतंय. त्रिशलानं शेजारच्या पडद्यावर अंगठा ठेवला. आवाज झाला नाही, दिवा लागला नाही. उपकेंद्रात फीडर सोडताना निदान खाडकन आवाज तरी होतो. अण्णांचं वाक्य मध्ये तुटलंसुद्धा नाही. "सोन्याचं होतंय," ते म्हणाले, आणि हसले.

परत येताना रिक्षात ती त्यांना एकामागून एक विचारत सुटली. आज्जी कशी होती, तुम्ही शाळा का सोडली, पहिल्यांदा पुकारायला कसे उभे राहिलात. अण्णा खुशीत होते. "आज काय झालंय तुला?" म्हणाले, आणि सांगत राहिले. घर आलं तरी तिनं सांगितलं नाही. जेवणं झाली तरी नाही.

सकाळी अण्णांनी पाण्याचा घोट घेतला आणि तोंडात फिरवला. मग ते तिच्याकडे बघू लागले. माणसाच्या मनात किती आहे ते चेहऱ्यावरून वाचणं हाच त्यांचा जन्माचा धंदा होता.

"लोखंडाची चव येतीया," ते म्हणाले. "कळ दाबलीस?"

तिनं होकाराची मान हलवली.

इंदूताई चुलीपाशी थिजल्या. अण्णांनी तांब्या जागेवर ठेवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नेहमीच्याच आवाजात, पुकारा संपवताना आकडा टेकवतात तसं, ते म्हणाले, "सौदा मोडलास."

आणि टोपी घालून बाजारात गेले.

त्यानंतर रोज गेले. त्रिशलानं हातापाया पडून सांगितलं, डॉक्टरांनी फोन केले. ते गेलेच. चौथ्या-पाचव्या दिवशी गाल तापून लाल झाला. मग कडा काळवंडल्या. ते गालावर टॉवेल दाबून पुकारायचे, आणि संध्याकाळी तो टॉवेल इंदूताई परसात एकट्या धुवायच्या. 'स' गेला, मग 'प' गेला. शेतकरी पुढं पुढं सरकून ऐकू लागले. शेवटच्या दिवशी त्रिशला थप्पीमागं उभी होती. भिंतीवर आकडा आला. अण्णांनी छाती भरून घेतली, मान वर केली, आणि नुसती हवा बाहेर पडली, गालातून, शीळ घातल्यासारखी. बाजारातल्या एकाही माणसानं मान वर केली नाही. ज्याची हळद होती तो कवठेमहांकाळचा म्हातारा हात जोडून म्हणाला, "ऐकलं, अण्णा. ऐकू आलं मला. भाव मिळाला."

त्रिशलानं पुढं होऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि स्वतः चालत रिक्षात जाऊन बसले.

---

अण्णा जगले. निम्म्या शक्यतेतला बरा निम्मा त्यांच्या वाट्याला आला. गाठ निघाली, जबड्याचं हाड निघालं, जिभेचा तुकडा निघाला. दर तपासणीत मानेचं चित्र स्वच्छ येऊ लागलं. इंदूताई देवापुढं दिवा लावताना लेकीचं नाव घ्यायच्या, पण तिच्याशी नजर मिळवायच्या नाहीत. त्यांना हवा होता तो नवरा परत मिळाला होता. घरात बसलेला दिसत होता.

पाटी पुन्हा आली. अण्णा तिच्यावर इंदूताईंसाठी लिहायचे, शेजाऱ्यांसाठी लिहायचे, डॉक्टरांसाठी लिहायचे. त्रिशलासाठी कधी नाही. ती नळीतून पेज सोडायची तेव्हा ते खिडकीबाहेर बघत. ती बोलायची. उपकेंद्रातल्या गमती सांगायची, हळदीचा भाव सांगायची. उत्तर यायचं नाही. अशी दोन वर्षं गेली. कधी कधी ती आंघोळीला गेल्यावर नळ सोडून रडायची, आणि कधी तिला स्वतःचा इतका राग यायचा की आपल्या पोटातली उरलेलीही चरबी उपसून कुठंतरी फेकून द्यावी असं वाटायचं.

डॉक्टर जमादारांनी एके दिवशी विचारलं, एक बाई तुम्हाला भेटायला येऊ का म्हणते, पाठवू का? कुपवाडची शबाना. भाजलेल्या भावाला तिनं पेशी दिल्या होत्या, आणि आता त्याच्या मांडीत गाठ आली होती. भाऊ कळ दाबू नको म्हणत होता. पेशी गेल्या तर पाय जाणार होता.

शबाना आली, चहाचा कप हातात धरून बसली, प्यायली नाही. "ताई, तुम्ही बरोबर केलंत का?" तिनं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर त्रिशला दोन वर्षं रोज शोधत होती. ती म्हणाली, "मला विचारू नका. त्यांना विचारा," आणि शबानाला अण्णांच्या खोलीत घेऊन गेली.

शबाना खाली मान घालून म्हणाली, "काका, त्यांनी तुम्हाला विचारलं असतं तर?"

अण्णांनी पाटी ओढली. 'नाही म्हणालो असतो.' पुसलं. 'म्हणून विचारलं नाही.'

"मग आता? जगलात ते बरं वाटतं?"

अण्णांनी खडू उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. गल्लीत भाजीवाला ओरडत होता. अण्णांनी शबानाकडे बघून हळूच मान हलवली, पण ती हो होती की नाही हे तिघांपैकी कोणालाच कळलं नाही. शबानानं त्यांच्या पायाला हात लावला आणि ती गेली.

त्रिशला तिला दारापर्यंत सोडून आली, तर अण्णा लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी पाटी फिरवली. तिच्याकडे.

'तुला माफ केलेलं नाही.'

ती उभ्याउभ्या ते वाचत राहिली. दोन वर्षांत त्यांनी तिला लिहिलेलं हे पहिलं वाक्य होतं. "हो," ती म्हणाली. "मला माहीत आहे, अण्णा."

त्यांनी बाहीनं पाटी पुसली. पुन्हा लिहिलं.

'भूक लागलीय.'

त्रिशला स्वयंपाकघरात गेली. पेज गाळायला घेतली, पण ती भांड्याबाहेरच सांडू लागली, तेव्हा इंदूताईंनी काही न विचारता गाळणं तिच्या हातातून काढून घेतलं.